एथिक्सचा पेपर आणि मे महिन्यातला थर्माकोलचा डबा

शिरपूरला बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे: "फार्मा किंवा बायोफार्मा मॅनेजमेंटमध्ये एमबीए करायचा विचार आहे. अभ्यासक्रमात 'एथिक्स' असा एक विषय दिसतो. तो खरंच काही शिकवतो, की नुसता क्रेडिट भरायला ठेवलेला असतो? वडिलांचं दोंडाईच्याला मेडिकल आहे. ते म्हणतात, 'कसाले? धंदा आठेच शिक.' (कशाला? धंदा इथेच शिक.) काय करू?"

तुझ्या वडिलांचं निम्मं खरं आहे, त्यामुळे त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. या धंद्यातली नीती मी पहिल्यांदा शिकलो ती मेडिकलच्या काउंटरवरच, आणि नापास होऊन.

मी धुळे हेडक्वार्टरला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, होतो. दोंडाईचा, शहादा, नंदुरबार, साक्री आणि तुझं शिरपूर, सगळं बाइकवर. मे महिन्याची अखेर. टार्गेटला थोडं कमी पडत होतं म्हणून स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या, मागे लागून शहाद्याच्या एका मेडिकलला इन्सुलिनच्या चाळीस व्हायल (छोट्या बाटल्या) काढायला लावल्या. थर्माकोलचा डबा, आत दोन आइस पॅक, वरून चिकटपट्टी आणि डबा दुपारच्या एसटीच्या पार्सलात. गाडी वाटेत बंद पडली. डबा दुकानात पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी. मी तिथेच होतो. झाकण काढलं तर आइस पॅकमधलं पाणी आंघोळीला चालेल इतकं कोमट झालेलं.

दुकानदाराने विचारलं, "भाऊ, ठेवू का परत करू?" मी एक व्हायल उजेडात धरली. साधं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, आणि तेही तसंच दिसत होतं. एरिया मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "क्लिअर आहे ना? मग ठेव फ्रीजमध्ये." माल परत घेतला असता तर तो माझ्या नावावर ब्रेकेज, म्हणजे खराब माल, म्हणून लागला असता, विक्री उलटली असती आणि महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला असता. व्हायल फ्रीजमध्ये गेल्या. इन्सेन्टिव्ह मला मिळाला. त्या चाळीस व्हायल कुणाकुणाला टोचल्या गेल्या आणि त्यांची साखर किती राहिली, हे मला कधीच कळणार नाही.

तू फार्मसीची आहेस, त्यामुळे पुढचं तुला समजावायला नको. गोळी डागाळली, फुटली, ओलावली तर निदान दिसते तरी. इन्सुलिन, लस, अँटिबॉडी ही प्रथिनं. उष्णतेने प्रथिनाची घडी बिघडते, पण बाटली तशीच चकचकीत राहते. २ ते ८ अंशांत ठेवा, असं लेबलवर असतं. उघडलेली व्हायल साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते असंही असतं, पण लिहिणाऱ्याने धरलेली खोली २५-३० अंशांची असते. मे महिन्यातल्या दोंडाईच्यातली खोली त्याने पाहिलेली नसते.

पुढे नोकरी सोडून एमबीए केलं. तिथे एथिक्सचा विषय होता, दोन क्रेडिटचा, शनिवारी दुपारी. कांट, उपयुक्ततावाद, भागधारक, हितधारक. वाईट नव्हतं, पण माझ्या डब्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. डबा निघाला तो ऑपरेशन्सच्या तासाला. सरांनी परत आलेल्या मालाचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न फळ्यावर घेतला. मी माझी गोष्ट सांगितली. त्यांनी वीस मिनिटांत दोन रकाने आखले. कोल्ड चेन, म्हणजे वाटेतला थंडावा, तुटून परत आलेला माल एमआरच्या ब्रेकेजमधून काढा आणि डिस्ट्रिब्युशनच्या खात्यावर टाका, आणि प्रत्येक डब्यात एक टेंपरेचर लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, ठेवा. झालं. मग उजेडात व्हायल धरून बघत बसणारा पोरगा आणि "क्लिअर आहे ना" म्हणणारा मॅनेजर, दोघांनाही खोटं बोलायचं कारणच राहत नाही. त्या तासाला 'नीती' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एथिक्सचा वेगळा पेपर बहुतेक ठिकाणी कोरडाच असतो. तो दे, पास हो. पण खरा अभ्यास विक्री, किंमत, खरेदी आणि ट्रायल (औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या) यांच्या तासांना करायचा, कारण नीतीचा प्रश्न तिथल्या शीटमध्ये एखाद्या रकान्याचं नाव घेऊन बसलेला असतो. तो रकाना ओळखायला शिकवणारी दोन वर्षं मिळणार असतील तर एमबीए कर. नसतील तर वडिलांचं ऐक.

आता एकेक घेऊ.

खरेदीपासून सुरू करतो, कारण या विषयाकडे कुणी वळून बघत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. फार्मसीत आपण हे 'भेसळीचं उदाहरण' म्हणून दोन ओळींत वाचतो. मॅनेजमेंटच्या विद्यार्थिनीने ते टेंडरच्या बाजूने वाचावं: पुरवठादार कसा निवडला, कुणी सही केली, माल आल्यावर कुणी तपासायचा होता आणि का तपासला नाही. हेच रसायन २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपमधून पुन्हा लहान मुलांच्या पोटात गेलं. रसायनशास्त्र आधीच कळलेलं होतं. पुन्हा पुन्हा चुकतं ते सॉल्व्हंटचा, म्हणजे औषध विरघळवायच्या द्रवाचा, ड्रम आत घेताना.

मी शिकवायला जातो तेव्हा पहिला तास मात्र याहून जुन्या गोष्टीचा घेतो. प्लेगात गावं सोडून रानात झोपड्या टाकल्याच्या आठवणी खानदेशात घरोघर असतात, त्यामुळे मुलांना ती लगेच लागते. परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. हाफकिनने लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरायला लागला होता. चौकशीत ठपका परळवर, म्हणजे त्याच्यावर आला आणि त्याला निलंबित केलं. पुढे समोर आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला होता. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले, तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

मुलं लगेच 'दोष कुणाचा' यावर भांडतात. तासभर भांडू देतो. मग विचारतो: बाटलीवर नंबर नसता तर? तो नंबर होता म्हणून १९ मृत्यू एका बाटलीपाशी येऊन थांबले, नाहीतर लसच बदनाम होऊन पुढची कित्येक गावं तिच्याविना राहिली असती. आणि पद्धत बदलल्याची नोंद, कारण, मंजुरी कागदावर पक्की असती तर चौकशीला संशय घ्यायला जागा किती उरली असती? आज त्याला चेंज कंट्रोल म्हणतात आणि नव्या मुलांना ते बाबूगिरी वाटतं. मलाही वाटायचं.

किंमतीच्या तासाला नेक्साव्हरची केस येईलच, यायलाच हवी. नेक्साव्हर म्हणजे सोराफेनिब, बायर कंपनीचं कर्करोगाचं औषध. तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटधारकाच्या मर्जीविना ते बनवायची मुभा, किंमत ८,८८० रुपये, रॉयल्टी ६ टक्के, जी नंतर ७ झाली. भारतातला असा तो पहिलाच परवाना. वर्गात दोन तट पडतात, एक संशोधनाच्या खर्चाचं बोलतो, दुसरा गरिबांचं. दोघेही निकाल न वाचता बोलत असतात. निकाल वाचलास तर दिसेल की निर्णय भावनेवर झालेला नाही. किती रुग्णांना औषध लागतं, कंपनीने स्वतः किती जणांना पुरवलं, ते भारतात बनवलं का आणि किंमत परवडणारी होती का, या हिशेबावर झाला. पुरवठा गरजेच्या दोन टक्क्यांच्या आसपास निघाला. कंपनीची रुग्ण-मदत योजना होती, पण दान म्हणून केलेला पुरवठा हिशेबात धरायचा का, हाही वादाचा मुद्दा झाला. त्याला जोडून ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधावरचा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि जुन्या औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला पेटंट नाकारणारं पेटंट कायद्याचं कलम ३(ड) वाच. मूळ निकाल वाच, नोट्स नकोत.

विक्रीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तुला दुकानात बसून माझ्याहून जास्त माहीत असेल. १२ मार्च २०२४ ला औषध विपणनाची नवी एकसमान संहिता आली, यूसीपीएमपी. डॉक्टरांना भेटी, सहली, पाहुणचार बंद, सॅम्पलवर मर्यादा. पाळली जाते का, हे वडिलांना विचार, ते हसतील. पण मॅनेजर होणाऱ्याने तिच्यातला एक मुद्दा लक्षात ठेवावा: आर्थिक वर्ष संपल्यावर दोन महिन्यांत कंपनीच्या प्रमुखाला स्वतःच्या सहीने घोषणापत्र द्यावं लागतं. त्याआधी २०२२ मध्ये अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च प्राप्तिकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही. कंपन्यांत उपदेशाने जे हललं नव्हतं ते या दोन गोष्टींनी थोडंफार हललं, कारण आता फायनान्सचा माणूस विचारतो, हे बिल कुठे टाकू?

ट्रायलवर मात्र मी जास्त वेळ घेणार आहे. एमबीएनंतर काही वर्षं मी क्लिनिकल ट्रायलचं काम पाहिलं आणि आपल्या भागातल्या माणसाची खरी कसोटी तिथे लागते, असं माझं मत झालं.

संमतिपत्र घे. चौदा पानं. इंग्रजीतून मराठी केलेलं, आणि ते मराठी कुठल्या गावात बोलतात देव जाणे. 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' समोर शिंदखेडा तालुक्यातले सत्तरीचे बाबा. त्यांच्या घरात अहिराणी. पुतण्या वाचून दाखवतोय, बाबा कॅमेऱ्याकडे बघतायत. असुरक्षित गटातल्या रुग्णांची संमती नवीन रेणूच्या ट्रायलमध्ये कॅमेऱ्यावर घ्यावी लागते, २०१९ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. रेकॉर्डिंग चालू, सगळं कायदेशीर. शेवटी बाबांनी पुतण्याला विचारलं, "हाई दवा डाक्टरनीच दियेल शे ना?" डॉक्टरने दिलंय ना, मग झालं. कुठल्या गटात कोण जाणार हे डॉक्टरही ठरवत नाही, हे त्यांना अजिबात पोचलं नव्हतं. आमच्या कोऑर्डिनेटरने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बाबा, चिठ्ठी टाकतस ना, तशी चिठ्ठी निंघी. एक चिठ्ठीमा नवी दवा, एकमा जुनी. डाक्टरना हातमा नही." बाबा एकदम सावध झाले. दोन दिवसांनी सांगतो म्हणाले. आलेच नाहीत.

आमच्या शीटवर बाबांची नोंद 'स्क्रीन फेल्युअर', म्हणजे निवडीत न बसलेला रुग्ण, म्हणून लागली आणि आमच्या केंद्राचा (साइटचा) रुग्णभरतीचा आकडा मागे पडला. मला विचाराल तर त्या तिमाहीत आमच्याकडे नीट घेतली गेलेली संमती तेवढी एकच होती. पण 'समजून नकार दिला' असा रकाना शीटमध्ये नव्हता. मी नंतर तो घालायला लावला. भांडावं लागलं.

दुसरी आठवण एथिक्स कमिटीची, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीची. नियमाने तिच्यात किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक सामान्य माणूस, एक स्त्री आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे. सामान्य माणूस बहुधा चहा पिऊन सही करतो. एका कमिटीत मात्र निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. प्रोटोकॉलवर, म्हणजे ट्रायलच्या आराखड्यावर, डॉक्टर मंडळी तासभर बोलली. गुरुजींनी शेवटी एकच विचारलं: "पेशंटने आठ वेळा यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर कापूस वेचणीचे दिवस. गाडीभाडं तुम्ही देताय, त्या दिवसाची मजुरी कोण देणार? आणि नाही आला तर त्याला तुम्ही काय म्हणणार?" म्हणणार होतो 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सूचना न पाळणारा. त्या एका प्रश्नावरून बजेटमध्ये मजुरीचा हेड आला आणि दोन व्हिझिट पुढे सरकल्या. त्या ट्रायलमध्ये आमच्या साइटवर गळती फार कमी झाली. गुरुजींनी एमबीए केलेलं नव्हतं, पण प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा माझ्या पाहण्यातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच.

बायोफार्माकडे जायचंच असेल तर सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, हा विषय हाताशी धर. तो आपल्या दारातला आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्परवर (जनुकात नेमका बदल करण्याच्या तंत्रावर) आधारलेल्या पहिल्या जनुकीय उपचाराला, कॅसजेव्हीला, मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. बिझनेस स्कूलमध्ये यावर हमखास केस होते आणि 'देशागणिक वेगळी किंमत' या उत्तरावर टाळ्या पडतात. मी विचारतो, समजा फुकट दिलं, मग? आधी रुग्णाच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या, मग जड केमोथेरपीने त्याचा अस्थिमज्जा रिकामा करायचा, पेशी परत घालायच्या आणि आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत ठेवायचं. धडगावच्या माणसाला ती खोली कुठे आहे? त्याच्या घरी तोवर शेती कोण बघतं? दुसरीकडे हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध आहे. ते रोज घ्यावं लागतं आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकल सेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. तपासणीची कार्डं वाटली जातात. कार्ड मिळालेल्या मुलीची गोळी पावसाळ्यात नाला भरल्यावर तिच्या पाड्यावर पोचते का, या एका प्रश्नात सप्लाय चेन, किंमत, प्रशिक्षण आणि नीती, सगळं येतं. त्यावर चांगली केस लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. लिही तू.

एक केस जोडीने वाचायची ती मर्कची. १९८७ मध्ये याच कंपनीने नदीकाठच्या अंधत्वावरचं औषध, मेक्टिझान, लागेल तितकं आणि लागेल तोवर फुकट द्यायचं ठरवलं. त्याच कंपनीला २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे व्हायॉक्स हे वेदनाशामक बाजारातून काढावं लागलं आणि धोक्याच्या खुणा आधीच दिसत होत्या का, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. मुलं पहिली केस वाचून कंपनीच्या प्रेमात पडतात आणि दुसरी वाचून संतापतात. दोन्ही एकाच दिवशी वाच.

आता व्यवहाराचं. नायपरच्या (केंद्राच्या औषधशास्त्र शिक्षण संस्थेच्या) मोहाली आणि हैदराबादच्या संस्थांत एमबीए फार्मा आहे, त्याला नायपर जेईई लागते. मुंबईला एनएमआयएमएसमध्ये फार्मा मॅनेजमेंट आहे. राज्याच्या सीईटीतून साधं एमबीए करूनही या क्षेत्रात येता येतं. कॉलेज निवडताना ब्रोशर बाजूला ठेव आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोनच गोष्टी विचार: रेग्युलेटरीत (सरकारी मंजुऱ्यांच्या कामात) किंवा क्वालिटीत काम केलेलं कुणी शिकवायला येतं का, आणि समर इंटर्नशिपला मुलं फक्त सेल्सलाच जातात का.

कर्जाबद्दल स्पष्ट बोलतो. पंधरा-वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज घेऊन निघालेला मुलगा महिन्याच्या अखेरीला "नाही" म्हणू शकत नाही. मी पाहिलेत, चांगल्या घरातले, चांगल्या मनाचे. हप्ता पाच तारखेला कापला जातो. म्हणून शक्य असेल तर आधी वर्ष-दोन वर्षं काम कर, क्वालिटीत मिळालं तर उत्तम, थोडे पैसे साठव, मग जा. वर्गातही तुझ्याकडे सांगायला स्वतःचा डबा असेल.

आणि वडिलांना दुखवू नकोस. सहा महिने आहेत हातात, त्यांच्या दुकानावरच एक काम कर. टेंपरेचर लॉगर आता फार महाग राहिलेले नाहीत. एक विकत घे आणि एप्रिल-मे दोन महिने दोंडाईच्यातल्या आठ-दहा मेडिकलच्या फ्रीजमध्ये आळीपाळीने आठवडाभर ठेव. दुकानाचं नाव लिहू नकोस, नाहीतर कुणी दार उघडणार नाही. लाइट कधी गेली, किती वेळ गेली, आतलं तापमान ८ च्या वर किती तास होतं आणि कुठे शून्याच्या खाली उतरलं तेही, कारण गोठलेलं इन्सुलिनसुद्धा वायाच. मुलाखतीत तुला एथिक्सबद्दल विचारतील तेव्हा हा आलेख पुढे ठेव.

पहिला आठवडा वडिलांच्या फ्रीजचा घे. आत दह्याचं भांडं किंवा पाण्याच्या बाटल्या असतील, तर त्याही नोंदीत लिही.